नवं कार्ड आलं, कोणाकोणाला कळवायचं?

फोनची वायर लॅपटॉपला जोडून टेदरिंग चालू केलं, की लिनक्सवर लगेच एक नवं नेटवर्क कार्ड उगवतं. कार्ड हातात धरता येणारंच हवं असं नाही. व्हर्च्युअल मशीनचं, कंटेनरचं, व्हीपीएनचं, सगळ्यांची नोंद कर्नलच्या लेखी सारखीच. आणि नोंद झाली की कर्नल आतल्या आत वर्दी देतो. त्या वर्दीचं नाव 'नेटडेव्ह रजिस्टर'. कार्ड गेलं की 'नेटडेव्ह अनरजिस्टर'. आयपीव्ही४, आयपीव्ही६, व्हीलॅन, ब्रिज, बाँडिंग आणि कितीतरी ड्रायव्हर या वर्द्यांसाठी कान लावून बसलेले असतात. वर्दी आधी कोणाला, नंतर कोणाला, आणि जो उशिरा आला त्याचं काय, एवढ्यावरच कर्नलच्या लोकांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं आहे. त्यातल्याच या काही भन्नाट गोष्टी.

पाच म्हणजे आला, सहा म्हणजे गेला

प्रत्येक वर्दीला नंबर असतो. कार्ड चालू झालं तर १, बंद झालं तर २, नोंद झाली तर ५, नोंद पुसली तर ६. अशा तीसच्या वर वर्द्या आहेत: एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बदलला, मॅक पत्ता बदलला, नाव बदललं, प्रत्येकाची वेगळी. ३ नंबरचं नाव 'रिबूट' आहे, पण मशीन रिबूट होण्याशी तिचा संबंध नाही. कार्डाचं हार्डवेअर मध्येच कोसळून पुन्हा उभं राहिलं, हे वरच्या प्रोटोकॉलांना कळावं आणि टीसीपीने अडकलेली संभाषणं पुन्हा चालती करावीत, यासाठी ती ठेवली आहे.

कार्ड बंद करताना मात्र दोन वर्द्या जातात. आधी 'गोइंग डाउन', म्हणजे कार्ड अजून चालू आहे, शेवटचं काही पाठवायचं असेल तर आत्ताच पाठवा. मग 'डाउन', म्हणजे दुकान बंद झालं. ही दोन टप्प्यांची सोय मला फार आवडते. नेटवर्कचा कोड लिहिणाऱ्यांनी निरोप घ्यायलाही वेळ राखून ठेवला आहे.

रांग कशी लागते

ऐकणाऱ्यांची साखळी असते आणि प्रत्येकाला प्राधान्याचा आकडा. आकडा मोठा त्याला वर्दी आधी. बहुतेकांचा आकडा शून्यच असतो, आणि सारख्या आकड्यांत जो आधी नोंदला गेला तो पुढे. रूटच्या नोंदी सांभाळणारा एक भाग स्वतःहून उणे १० घेऊन मागे उभा राहतो. बाकीच्यांची आवराआवर झाल्यावरच आपल्याला बोलवा, असा त्याचा अर्थ.

हे सगळं 'आरटीएनएल' नावाच्या एका मोठ्या कुलपाखाली चालतं. त्यामुळे एखाद्या ड्रायव्हरने वर्दी ऐकून रमतगमत काम केलं, तर त्या मशीनवर नेटवर्कच्या मांडणीतला दुसरा कुठलाही बदल तोवर ताटकळतो. वर्दीला उत्तर देणारा कोड छोटा आणि चपळ ठेवा, असं जाणकार बजावतात ते याचसाठी.

उशीर झाला? मागचं सगळं पुन्हा सांगू

समजा, मशीन सुरू होऊन तासभर झाला. चार कार्डं कधीच नोंदली गेली आहेत. आता एखादं नवं मॉड्यूल लोड झालं आणि म्हणालं, मलाही वर्दी हवी. त्याला जुनी कार्डं कशी कळणार?

कर्नल त्याच्यासाठी इतिहास पुन्हा घडवतो. साखळीत नाव घातलं की असलेल्या प्रत्येक कार्डासाठी 'रजिस्टर'ची वर्दी त्याला नव्याने मिळते, आणि कार्ड चालू असेल तर 'अप'चीही. जणू कार्डं आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत आली. त्यामुळे मॉड्यूलला 'आधीचं' आणि 'नंतरचं' असे दोन वेगळे कोड लिहावे लागत नाहीत. मध्येच त्याने एखाद्या कार्डाला नकार दिला, तर ज्या कार्डांची वर्दी आधी दिली होती ती सगळी परत घेतली जाते.

२०१२ साली याच्या उलट बाजूचीही सोय झाली. मॉड्यूल साखळीतून बाहेर पडताना त्याला प्रत्येक कार्ड 'गेलं' अशी वर्दी मिळते. कार्डं जागच्या जागीच असतात, पण त्या मॉड्यूलची साफसफाई नेहमीच्याच वाटेने उरकते. इतकं नेटकं डिझाइन क्वचित पाहायला मिळतं.

'लो' सगळ्यांत आधी, सगळ्यांत शेवटी

लूपबॅक, म्हणजे 'लो' हे कार्ड. मशीनने स्वतःशीच बोलायचं ते याच्यामार्फत. कर्नलचा नियम असा की कुठल्याही नेटवर्क नेमस्पेसमध्ये, म्हणजे मशीनमधल्या नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, पहिलं कार्ड 'लो'च येणार आणि शेवटी जाणारं कार्डही 'लो'च असणार. त्याचा क्रमांक कायम १. दुसरा निघाला तर कर्नल तिथेच हात वर करतो.

आणि १२७.०.०.१ हा जगप्रसिद्ध पत्ता? तो कुठल्या फाइलमधून वाचला जात असेल असं वाटतं. पण तो वर्दीतूनच जन्मतो. 'लो' चालू झाल्याची वर्दी आयपीव्ही४च्या कोडला पोचते, कोड पाहतो की हे लूपबॅक आहे आणि अजून याला पत्ता नाही, की लगेच १२७.०.०.१ चिकटवतो. नव्या नेमस्पेसमध्ये 'लो' बंद असतं आणि पत्ता नसतो. 'लो' चालू करा, पत्ता आपोआप हजर.

'ऑल' नावाचं कार्ड चालत नाही

वर्दी ऐकणाऱ्याला नकाराधिकारही असतो. 'रजिस्टर'च्या वर्दीला कोणी चूक म्हणून उत्तर दिलं, तर झालेली नोंद मागे घेतली जाते आणि कार्ड यायच्या आधीच जातं. गंमत बघायची असेल तर डमी कार्ड तयार करताना त्याला 'ऑल' किंवा 'डिफॉल्ट' असं नाव देऊन पाहा. उत्तर येतं, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. कारण आयपीव्ही४ प्रत्येक कार्डासाठी सेटिंगची एक डिरेक्टरी उघडतो, आणि त्या जागी 'ऑल' व 'डिफॉल्ट' या दोन डिरेक्टऱ्या आधीपासून आहेत. एक सगळ्या कार्डांसाठी, दुसरी यापुढे येणाऱ्यांसाठी. म्हणून आयपीव्ही४ त्या नावाच्या कार्डाला दारातूनच परत पाठवतो.

नावाचे बाकीचे नियमही चोख आहेत. जास्तीत जास्त १५ अक्षरं. तिरपी रेघ नको, कारण नावाने डिरेक्टरी बनते. विसर्गासारखा कोलन नको, मोकळी जागा नको, नुसता एक किंवा दोन टिंबंही नकोत. १५ अक्षरं पुरेनात म्हणून ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, कार्डाला पर्यायी नाव देता येतं. ते १२७ अक्षरांपर्यंत ऐसपैस.

ड्रायव्हरला नाव स्वतः ठरवायची गरज नसते. तो नुसता साचा देतो, 'ईटीएच' आणि पुढे आकड्याची जागा. सर्वांत लहान मोकळा आकडा कर्नल भरतो. फोनच्या टेदरिंगचं कार्ड कधी 'ईटीएच'च्या कुळात जन्मतं, कधी 'यूएसबी'च्या, ते मॅक पत्त्याच्या पहिल्या बाइटमधला एक बिट बघूनही ठरतं: पत्ता कारखान्यातून आलेला की फोनने स्वतः बनवलेला, हे तो बिट सांगतो. मग यूडेव्ह हा कर्नलबाहेरचा प्रोग्रॅम येतो आणि बहुतेक वेळा नाव बदलून टाकतो. लॉगमध्ये 'रिनेम्ड फ्रॉम ईटीएच०' असं दिसतं ते त्याचंच काम. चालू कार्डाचं नाव पूर्वी बदलता येत नसे. २०२३च्या सुरुवातीला आलेल्या ६.२ पासून येतं.

एकच मॅक पत्ता, दोन कार्डं

आता या सगळ्यातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट, आणि ती जरा सविस्तर सांगायलाच हवी.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही किंवा अझ्युअरवर लिनक्स चालवलं की त्याला 'नेटव्हीएससी' ड्रायव्हरचं कृत्रिम कार्ड मिळतं. ते भरवशाचं, पण प्रत्येक पॅकेट होस्टच्या हातातून जातं, त्यामुळे वेगाला मर्यादा. म्हणून सोबत दुसरं कार्ड दिलं जातं: खऱ्या हार्डवेअर कार्डाचा एक तुकडा, व्हीएफ नावाचा, थेट व्हर्च्युअल मशीनच्या हाती. मेलानॉक्सची कार्डं यासाठी वापरली गेली, पुढे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं 'माना' आलं. पुण्यातल्या सेंट्रल इंडिया विभागातलं अशा सोयीचं लिनक्स मशीन उघडून कार्डांची यादी पाहिली तर एकाच मॅक पत्त्याची दोन कार्डं दिसतात. त्यात चूक काही नाही, योजनाच तशी आहे.

कृत्रिम कार्ड मालक, व्हीएफ त्याच्या हाताखाली. आयपी पत्ता मालकाकडे, धावाधाव व्हीएफची. होस्टची देखभाल निघाली की अझ्युअर व्हीएफ काढून घेतं, वाहतूक कृत्रिम कार्डावरून हळू पण अखंड चालू राहते, आणि व्हीएफ परतलं की पुन्हा वेग. वरच्या ॲप्लिकेशनला पत्ताही लागत नाही. ही जोडणी ड्रायव्हर आपली आपण करतो, हे २०१७ पासूनचं. त्याआधी बाँडिंगची स्क्रिप्ट चालवावी लागे.

पण व्हीएफ आलं हे नेटव्हीएससीला कळतं कसं? व्हीएफचा ड्रायव्हर वेगळाच, अनेकदा तिसऱ्याच कंपनीचा, त्याला नेटव्हीएससी कोण हे ठाऊकही नसतं. कळतं ते 'रजिस्टर'च्या वर्दीतून. नवं कार्ड आलं की नेटव्हीएससी कान टवकारतो: हे आपल्या जोडीचं आहे का?

सुरुवातीला तो मॅक पत्ता जुळवून बघे. त्यात एक फसगत होती. व्हीलॅनचं कार्ड आणि बाँडिंगचं कार्ड आपल्या खालच्या कार्डाचा मॅक पत्ता उचलतात. म्हणजे कोणी नेटव्हीएससीवर व्हीलॅन बांधलं की ड्रायव्हरला वाटणार, आलं आपलं व्हीएफ! म्हणून कोडमध्ये आजही चाळणी आहे: आपलंच कार्ड असेल तर सोडा, इथरनेट नसेल तर सोडा, व्हीलॅन असेल तर सोडा, बाँडिंगचा मालक असेल तर सोडा. पुढे, २०१८ पासून, होस्टने दिलेला अनुक्रमांक जुळवायची पद्धत आली.

जोडी जुळली तरी व्हीएफ लगेच चालू करत नाहीत. सेकंदाचा दहावा भाग थांबतात, यूडेव्हला नाव बदलायचं असेल तर बदलू दे म्हणून.

मग २०२३ साली एक सूक्ष्म घोटाळा दुरुस्त झाला. नोंदणीचा आतला क्रम असा: कार्डाची प्राथमिक तयारी, मग 'पोस्ट इनिट' नावाची वर्दी, मग सिसएफएसमध्ये नोंद आणि त्याबरोबर यूडेव्हला सांगावा, आणि त्यानंतर 'रजिस्टर'ची वर्दी. बारकाईने पाहा. बाहेरच्या जगाला, म्हणजे यूडेव्हला आणि त्यामागे नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांना, कार्ड आधी दिसतं आणि नेटव्हीएससीला नंतर कळतं. मधल्या क्षणी व्हीएफ स्वतंत्र कार्ड म्हणून उघडं पडतं, आणि कोणी त्यालाच पत्ता द्यायला धावू शकतं. लग्नात अंतरपाट धरायच्या आधीच वधूवर समोरासमोर यावेत, तसं झालं. उपाय असा, की 'हाताखालचं कार्ड' हा शिक्का 'पोस्ट इनिट'च्या वर्दीतच मारायचा. ही वर्दी २००९ साली वायरलेसच्या कामासाठी आली होती, ती इथे अशी उपयोगी पडली.

पण मागचं पुन्हा सांगायची जी सोय वर आली, ती 'रजिस्टर' आणि 'अप'साठी आहे. 'पोस्ट इनिट' पुन्हा सांगत नाहीत. ती ज्याने ऐकली त्याने ऐकली. म्हणजे नेटव्हीएससीच्या आधी व्हीएफ नोंदलं गेलं तर शिक्का हुकला. मग दुसरी दुरुस्ती: नेटव्हीएससीने साखळीत नाव अगदी आधी घालायचं, आपली कार्डं शोधायला लागायच्याही अगोदर.

आणि २०२४ साली कळलं की आता जरा जास्तच लवकर झालं! मॉड्यूल काढून पुन्हा लोड केलं तर व्हीएफ आधीच हजर असतं. साखळीत नाव घालताक्षणी त्याची वर्दी पुन्हा मिळते, पण तोवर नेटव्हीएससीचं स्वतःचं कार्डच तयार झालेलं नसतं. जोडी जुळवायची कोणाशी? वर्दी वाया गेली. म्हणून तिसरी दुरुस्ती: आपलं कार्ड तयार झालं की शेवटी स्वतः उठून यादीत बघायचं, आपलं व्हीएफ आधीच येऊन बसलंय का.

तीन दुरुस्त्या, आणि तिन्हींचा विषय एकच: कान कधी उघडायचे. उशीर चालत नाही, घाईही चालत नाही, आणि हे कळायला खरी मशीनं, खरी लोडिंग-अनलोडिंग लागते. ड्रायव्हर शिकणाऱ्या प्रत्येकाने हे तीन पॅच एकापाठोपाठ वाचावेत असं मला मनापासून वाटतं. कोड फार नाही, शिकवण मोठी आहे.

न जाता गेलेलं कार्ड

कार्ड एका नेमस्पेसमधून दुसऱ्यात हलवलं, कंटेनरमध्ये ढकलताना हलवतात तसं, तर जुन्या जागी 'अनरजिस्टर'ची वर्दी जाते आणि नव्या जागी 'रजिस्टर'ची. कार्ड मात्र तेच, मेमरीतही तिथेच. त्याच्या कपाळी 'नोंदलेलं' हीच अवस्था मुद्दाम कायम ठेवतात. म्हणजे व्हीलॅनसारखे ऐकणारे वर्दी ऐकल्यावर अवस्था पडताळतात, आणि हे मेलेलं नाही, नुसतं बिऱ्हाड बदलतंय हे ओळखून आपली वर बांधलेली कार्डं मोडत नाहीत.

नेमस्पेसच संपली तर? आतली व्हर्च्युअल कार्डं तिच्याबरोबर जातात. खरं हार्डवेअर मूळ नेमस्पेसमध्ये परत येतं, आणि तिथे त्या नावाचं दुसरं कोणी असेल तर 'डेव्ह' आणि पुढे आकडा असं नवं नाव घेऊन.

दर दहा सेकंदांनी तीच ओळ

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या छातीत धडकी भरवणारी एक ओळ आहे: अनरजिस्टर नेटडिव्हाइस, अमुक कार्ड मोकळं होण्याची वाट पाहतोय, वापरणारे इतके. कार्डाची नोंद पुसली, वर्द्या दिल्या, तरी ज्यांनी ज्यांनी ते धरून ठेवलं आहे ते सगळे सोडेपर्यंत मेमरी मोकळी करता येत नाही. एखाद्या ड्रायव्हरने 'अनरजिस्टर' ऐकूनही हात सोडला नाही, तर कर्नल दर १० सेकंदांनी ही ओळ लिहीत बसतो. हा आकडा २०२१ पासून बदलताही येतो.

२०१४ च्या सुमारास डॉकर वापरणाऱ्यांना हिने जेरीस आणलं होतं. बहुतेक वेळा अडकलेलं कार्ड 'लो' असे, आणि त्या वेळच्या कर्नलवर नवे कंटेनरही सुरू होईनात. कारणं एकाहून जास्त होती. त्यातलं एक मोठं रंजक: एखादं कार्ड जाताना त्याच्या अंगावर राहिलेल्या रूटच्या नोंदी त्या नेमस्पेसच्या 'लो'वर सोपवल्या जात. बाकीच्यांची ओझी 'लो'च्या गळ्यात, आणि मग 'लो'लाच निघता येईना. २०१९ साली, ५.३ मध्ये, यासाठी 'ब्लॅकहोल' नावाचं वेगळं कार्ड ठेवलं. बेवारस नोंदी त्याच्याकडे जातात, आलेलं पॅकेट ते गिळून टाकतं, आणि कार्डांच्या यादीत ते कधी दिसत नाही.

कार्ड नेमकं कोणी धरून ठेवलंय हे शोधणं त्यानंतरही जिकिरीचं होतं. २०२२ च्या ५.१७ पासून त्यासाठी खातेवही ठेवता येते: कोडच्या कुठल्या ओळीने कार्ड धरलं आणि सोडलं नाही, ते थेट सापडतं.

६८ च्या खाली आयपी नाही

कार्डाचा एमटीयू ६८ बाइटच्या खाली आणला, की एमटीयू बदलल्याची वर्दी ऐकून आयपीव्ही४ त्या कार्डावरून आपला गाशा गुंडाळतो. कोडमध्ये ही वाट सरळ 'अनरजिस्टर'च्या वाटेला जाऊन मिळते. आयपीव्ही६ची मर्यादा १२८०.

आणि 'व्हीलॅन ०' कोणी न मागता कार्डावर कसं येतं, असा प्रश्न लॉग पाहून पडला असेल, तर तेही वर्दीचंच काम. व्हीलॅन मॉड्यूल 'अप' ऐकतं, आणि कार्ड हार्डवेअरमध्ये व्हीलॅन गाळणारं असेल तर ० नंबरची परवानगी घालून ठेवतं.

स्वतः पाहायचं असेल तर

टर्मिनल उघडून 'आयपी मॉनिटर लिंक' ही आज्ञा द्या आणि फोनचं टेदरिंग चालू करा. आतल्या साखळीचं काम आटोपल्यावर कर्नल बाहेरच्यांसाठी जो निरोप सोडतो, तो तिथे ओळीच्या रूपात उमटतो: आधी क्रमांक, मग नाव, मग अवस्था. नाव बदललं की आणखी एक ओळ, कार्ड चालू झालं की आणखी एक. टेदरिंग बंद केलंत की 'डिलीटेड' अशी सुरुवात असलेली ओळ. पुन्हा चालू करा आणि क्रमांक बघा. फोन तोच, वायर तीच, नावही बहुधा तेच, पण क्रमांक नवा, आधीच्यापेक्षा मोठा. कर्नलच्या लेखी हे दुसरंच कार्ड आहे, आणि साखळीतल्या सगळ्यांना त्याची वर्दी पुन्हा पहिल्यापासून गेलेली असते.